दोन बोटं सैल

रविवार, ८ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. इकडे माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, शिलाई मशीनवरून मान वर करायला फुरसत नाही. तुमचे भाऊ घरीच असतात. मला बटणं लावायला मदत करतात, आणि अशी लावतात की ती मला पुन्हा उसवावी लागतात.

गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही त्यांना चांगलंच फैलावर घेतलंत. "झोपेत श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी मशीन दिलं, तर त्याचा मास्क लावायचाही कंटाळा? शाळेची बस चालवतोस तू! मागे पोरं बसलेली असतात!" हे खाली मान घालून "हो ताई, चुकलंच" म्हणत राहिले. मी शेजारी बसून कॉलरी उलटवत होते. ताई, ते सगळं मला ऐकवायला हवं होतं.

डॉक्टरांनी हवेचा दाब वाढवला, तेव्हापासून मास्कच्या कडेने हवा फुसफुसायला लागली. डोळ्यांत जायची, शिट्टी वाजायची. आता मी पडले शिंपीण. गिऱ्हाइकाच्या कपड्याला झोळ राहू देत नाही, तर नवऱ्याच्या तोंडावर कशी देईन? पट्टे आत घेतले आणि पक्की टीप मारली. फुसफुस वाढली, म्हणून आणखी आत घेतले. यांच्या नाकावरची कातडी सोलली. "अगं, जरा सैल कर ना," म्हणाले, तर मी वर तोंड करून म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

शेवटी मला झोप लागली की हे मास्क काढून ठेवायला लागले. त्या सकाळी मुलांना शाळेत सोडून परतताना यांना डुलकी लागली आणि बस भिंतीवर गेली. बस रिकामी होती. थोड्या वेळापूर्वी भरलेली होती.

नंतर दवाखान्यात गेलो. तिथल्या बाई पट्टे हातात घेऊन बघतच राहिल्या. मास्कची गादी हवेने फुगून चेहऱ्यावर बसायला हवी, म्हणाल्या. आवळली की ती चुरगळते आणि त्या चुण्यांतून हवा पळते. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. मग त्यांनी विचारलं, "ही टीप कुणी मारली?"

"मीच," हे म्हणाले.

ज्यांना धड सुई ओवता येत नाही, ते! आणि मी तिथेच उभी होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. घरी येऊनही हे अवाक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

टीप मी उसवलीय. आता हे रात्रभर मास्क लावून झोपतात, सकाळी डोकं हलकं वाटतं म्हणतात. पण बसच्या मालकांनी हलगर्जीपणाचा ठपका ठेवलाय, परत घेतील की नाही ठाऊक नाही. उद्या मी स्वतः जाऊन त्यांना खरं काय ते सांगणार आहे.

मालकांना सांगेन, तुम्हाला लिहिलं. यांच्यासमोर मात्र "चुकलं" म्हणायला जीभ उचलत नाही. म्हणून हे पत्र टपालात टाकायला यांच्याच हाती देणार आहे, पाकीट न चिकटवता. आधी वाचा, म्हणेन. तुम्हाला मिळालं, तर समजा की मला तेवढं तरी जमलं. मग फोन त्यांना करा, शिव्या मला द्या.

रागावलात तरी तुमचीच,
भावजय