एक जूनची जन्मतारीख

मी, रत्नमाला पुंडलिक धोत्रे, राहणार पैठण रस्त्यालगतची पालं, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीवर असून कुणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहिते. मला आजार नाही. उद्या अकरा वाजता ओळख पडताळणीच्या कार्यालयात बोलावलं आहे. मागच्या महिन्यात तिथं गेलेले आमच्या पालावरचे गोकुळकाका परतलेले नाहीत, आणि ते कुठं आहेत हे कुणी सांगत नाही.

१. आम्ही पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत गावोगाव फिरणारे. आमच्यात जन्माची नोंद कुणाचीच नाही. गुरुजींनी मला आणि धाकट्या करुणाला एकाच दिवशी पहिलीत बसवलं आणि दोघींची जन्मतारीख एकाच सालची एक जून लिहिली. पालावरच्या सगळ्याच लेकरांची ते तशी लिहीत. त्या कागदावर मी बी. ए. झाले. पडताळणीला पालावर आलेल्या साहेबांनी विचारलं, जुळ्या आहात का? खरं तेच सांगा, असं मीच आबांना बजावलं होतं. आबा म्हणाले, "नाय साहेब, दोन वर्सांचा फरक हाये." दोघींचे शाळेचे दाखले साहेबांनी तिथंच जमा करून घेतले. यातला एकच खरा असू शकतो. कोणता, ते थोरलीने येऊन लिहून द्यावं, असा हुकूम झाला.

२. ती तारीख मी करुणाला देते; तिचाच दाखला खरा, असं उद्या लिहून देईन. तिचा नर्सिंगचा प्रवेश त्या दाखल्यावर अडला आहे. ती कधी जन्मली, हे आईलाही सांगता येत नाही. खोटं न लिहिण्याचा माझा नेम इथं मोडतो.

३. माझी पुस्तकं करुणाला. पदवी आईकडे, तिने ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू नये. सायकल गोकुळकाकांच्या विश्वजीतला. तो म्हणाला होता, "शिकली नसती तर तुला कुणी हुडकलंच नसतं, बाई." तेव्हा राग आला. आज वाटतं, तो चुकला नसेल. तरी सायकल एका अटीवर: त्याने मुलीला शाळेत घालावं, आणि आधी तिच्या जन्माची नोंद करावी.

४. मी परतले नाही तर आबांनी शोधायला येऊ नये. त्यांच्याजवळ तर एकही कागद नाही. करुणाला कुणी माझ्याविषयी विचारलं, तर ओळखत नाही म्हणावं. ती ऐकणार नाही, म्हणून लेखी देते.

अक्षर वाकडं आलं, तरी सही माझीच समजावी.

सही : रत्नमाला

साक्षीदार, दोघांसमक्ष सही केली :
१. साहेबराव गुरुजी, निवृत्त शिक्षक, पैठण (सही)
२. मनकर्णाबाई, शेजारीण (डाव्या अंगठ्याची निशाणी)

स्थळ : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५