तिसऱ्यांचा अर्थ

दहिवली, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८०६

शाळेसाठी शब्दांची यादी करतोय. ‘तिसऱ्या म्हणजे चुन्याच्या भट्टीत जाळायचे शिंपले,’ असं पाटलांना वाचून दाखवलं. आतून बायको म्हणाली, “अवो, आमच्या दर्याकडं त्या खातात. उकळल्या की तोंड उघडतात. ज्या उघडत नाय त्या मेलेल्या, टाकून द्यायच्या.”

पाटील हसले. ते गेल्यावर मी हातातला तांब्या तिच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, दात हलला. चार माणसांत बोललीच कशाला? पण चुकलं कुणाचं होतं?

यादीत आता ‘खातात’ असं लिहिलंय. तिलाही वाचून दाखवलं. तिनं रक्ताळलेला तांब्या घासला, भरून माझ्या ताटाशी ठेवला. तोंड काही उघडलं नाही.