मिसरी सोडलेल्या बायकांना बक्षीस मिळालेल्या मंजनाबाबत

प्रति,
मा. मोहीम अधिकारी,
मुखस्वास्थ्य मोहीम, विभागीय कार्यालय,
जळगाव.

विषय : 'मिसरीमुक्त गाव' सत्कारात वाटलेल्या मंजनात तंबाखू असल्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ५ ऑगस्टचा अर्ज. २) आपले दि. २ सप्टेंबरचे उत्तर.

महोदय,

मी पारोळा तालुक्यातील बोरदडीच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते व आपल्या मोहिमेची मानसेवी कार्यकर्ती आहे.

१. जानेवारीत जळगावच्या शिबिरात आपण म्हणालात की, जगभर माणसे ज्या दीर्घ आजारांनी मरत आहेत, त्यांतले पुष्कळ टाळता येतात. त्यासाठी औषध लागत नाही, सवय सोडावी लागते. हे वाक्य मला शास्त्र म्हणून पटले. मी ते जसेच्या तसे गावात नेले.

२. आमच्याकडे बायका तंबाखू तव्यावर भाजून तिची मिसरी दातांना लावतात. तो तवा स्वयंपाकाला वापरत नाहीत. माझ्या व्याख्यानांनी कोणी मिसरी सोडली नाही. म्हणून अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, माहेरी आलेल्या लेकींना मी सुचवले की, यंदा आईकडे साडी मागू नका, तो तवा मागा. आखाजीला लेकीला नाही म्हणण्याची रीत नाही. तवे पडक्या विहिरीत गेले. श्रीमती भिकुबाईंचा तवा त्यांची शिरपूरला दिलेली लेक यशोदाबाई हिने टाकला. भिकुबाईंच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. मिसरी थांबली नाही तर याचा कॅन्सर होईल, असे धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते. पुढे कित्येक दिवस त्या कपाळाला फडके बांधून ओट्यावर बसून होत्या, पण त्यांनी मिसरीला हात लावला नाही. जुलैच्या तपासणीत चट्टा फिका झाला होता.

३. त्याच महिन्यात आपण मिसरी सोडलेल्या बायकांच्या सत्काराला आलात आणि प्रत्येकीला लाल मंजनाचा डबा दिलात. डबे माझ्या हातून वाटवलेत. थोड्याच दिवसांत भिकुबाई भर रस्त्यात मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही सांगं तं आम्ही सोडी दिधी. आते तुम्हीच दिधी. येले आपली मिसरीनाच झटका शे." शेजारच्या बेबाबाई हसून म्हणाल्या, "अक्का, ही सरकारनी मिसरी शे. धुईसन चांगली करेल व्हई." मी डबा मागून घेतला आणि त्यावरची आपल्या मोहिमेची चिठ्ठी पाण्याने सोडवली. खाली घटकांमध्ये गेरू, कापूर आणि तंबाखू असे छापलेले आहे. चिठ्ठी नेमकी त्यावरच डकवलेली होती.

४. माझ्या अर्जावर आपण कळवलेत की मोहीम मिसरीविरुद्ध आहे, सदर वस्तू मंजन आहे, सबब तक्रार मोहिमेच्या कक्षेत येत नाही. तंबाखूचा गुण नावाने बदलत नाही, हे मी आठवीच्या वर्गालाही सांगू शकते. आपल्याला सांगावे लागेल असे वाटले नव्हते.

५. गेल्या आठवड्यात उरलेले डबे माझ्याच शाळेत आले. आठवी ते दहावीच्या मुलींना स्वच्छतेचे बक्षीस म्हणून ते मी वाटावेत, असा आपला आदेश सोबत आहे. यांतल्या एकाही मुलीने आजवर मिसरी लावलेली नाही. मी आदेश पाळलेला नाही. डबे प्रयोगशाळेत आम्लांच्या कपाटात कुलूपबंद आहेत.

भिकुबाई आता दिवसातून चार वेळा दात घासतात. चट्टा पुन्हा जाड झाला आहे. मी थांबवायला गेले तर म्हणतात, "मोठा सायबनी सोता येईसन दिधं, ते वाईट कसं व्हई?" यशोदाबाईने शिरपूरहून निरोप धाडला आहे की, माझ्या आईला बाईंनी फसवले. तिचे खोटे नाही, डबे माझ्याच हातून वाटले गेले.

तरी विनंती की, आपण स्वतः बोरदडीला यावे, भिकुबाईंच्या ओट्यावर बसावे आणि हे मंजन म्हणजे तंबाखू आहे, असे आपल्या तोंडाने सांगावे. माझे त्या ऐकत नाहीत. गाडीची सोय नसल्यास पारोळ्याच्या स्टँडवर मी घ्यायला येईन. लेखी खुलासा पाठवू नये. भिकुबाईंना वाचता येत नाही.

आपल्या शब्दावर विसंबलेली,
प्रमिला शालिग्राम बोरसे
बोरदडी, दि. ७ ऑक्टोबर १९९१

सोबत :
१) डबे वाटण्याच्या आदेशाची नक्कल.
२) भिकुबाईंचा मंजनाचा डबा, निम्मा संपलेला. साहेबांना दाखवून परत आणा, असे त्यांनी बजावले आहे. कृपया परत पाठवू नये.