माळ्यावरच्या फळ्या

हिमांशु,

आईले घेऊन बाबाच्या अस्थी शिरवायले जाऊन राहिलो. तुझं जेवण शामकलाकाकूकडं आहे.

माळ्यावर गिटारसाठी वाळत ठेवलेल्या तुझ्या फळ्या शोधू नको. तू खुंट्या-तारा आणायले कलकत्त्याले गेला, अन् इथं चार दिवस झड लागली. गावातलं सारं सरण वलं. चिता दोनदा विझली, मंग मीच फळ्या काढल्या.

चिचगडहून ते शिवणीचं लाकूड बाबानंच तुझ्यासाठी आणलं होतं. सात वर्षं कोणाले हात लावू देला नाही.

चिडायचं तर माझ्यावर चिड. आईले मी सांगितलं का फळ्या तूच द्यायले लावल्या. तिच्यासमोर हो म्हण.

तुझं लाकूड खरंच कोरडं होतं. बाबाले मंग घासलेट लागलं नाही.

तुझा दादा,
कैलाश