दुकानातला फोन कुणी उचलायचा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो कागदावरच गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाचेबुवा आणि सूनबाई कामाला गेले की घर खायला उठतं, असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. ते वाचून तुझी भावजय रडली. मी तिला हसलो आणि मग आतल्या खोलीत जाऊन उगाच कानाची यंत्रं पुसत बसलो.

तू लेकाकडे राहायला गेल्यापासून दुकानाचा फोन कुणी उचलायचा यावरून इथे रोज वाजतं. कानाची यंत्रं विकणाऱ्या दुकानाला फोन करणारी माणसं कशी असतात, ते तुला सांगायला नको. तुझा आवाज त्यांना यंत्राशिवाय ऐकू यायचा. (पलीकडच्या गल्लीतही यायचा, असं भावजय म्हणते. मी नाही म्हणत.) हल्ली फोन वाजून वाजून थकतो आणि गिऱ्हाईक समोरच्या नव्या दुकानात जातं. असंच चाललं तर आपल्याला कुलूप लावावं लागेल.

म्हणून फोनची नवी यंत्रणा घ्यायची ठरवली. ती विकणारे दोघे आले. पहिले पोक्त गृहस्थ, त्यांचं नाव आम्ही खोकेवाले ठेवलं आहे. भिंतीवर एक खोका बसवायचा आणि त्यातून काउंटर, तपासणीची खोली, वरची खोली अशा वायरी ओढायच्या, म्हणजे फोन तिन्हीकडे वाजणार. बिघडला तर ते स्वतः शिडी घेऊन येणार. मला पटलं. बिघडल्यावर जिला दोन थापट्या मारता येतात, अशा वस्तूवर माझा विश्वास बसतो. दुसरा बिनखोकेवाला. त्याची यंत्रणा त्याच्या कंपनीकडे, कुठल्याशा लांबच्या इमारतीत. आपण महिन्याचं भाडं भरायचं, की दुकानाचा नंबर इंटरनेटवरून कुणाच्याही मोबाइलवर वाजतो. मी विचारलं, इंटरनेट गेलं तर? "काका, जातच नाही हो," म्हणाला, आणि तेवढ्यात गेलं.

थोडे दिवस फुकट वापरून बघा म्हणाला. (फुकट म्हटल्यावर तुझी भावजय कुणाचं ऐकते?) त्यात एक बाई आधीच भरून ठेवलेल्या आवाजात सांगते, बॅटरीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन. आपले निवृत्त हेडमास्तर तिच्याशी बराच वेळ भांडले, की मी बोलत असताना मध्ये बोलू नका. शेवटी छत्री आपटत दुकानात आले आणि त्या बाईंना बाहेर बोलवा म्हणून बसूनच राहिले. मी म्हटलं, त्या जेवायला गेल्यात. मग त्या बाईंना काढलं आणि फोन भावजयीच्या मोबाइलवर लावला. ती नेमकी दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत होती. तोंडात कापसाचे बोळे असताना तिने फोन घेतला. पलीकडच्या आजोबांना वाटलं, आपलेच कान आणखी गेले. दुपारी येऊन ते नवं यंत्र मागू लागले. (दिलं नाही. आपण तसले नाही.)

तेव्हा माझा निर्णय पक्का आहे. खोकाच घ्यायचा. बाकी सगळं ठीक. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा धाकटा

ता. क. खोका घेतलेला नाही. बिनखोकेवाला जाता जाता म्हणाला, दुसऱ्या गावातल्या मोबाइलवरही दुकानाचा फोन वाजेल. मी तिथेच हो म्हटलं. तुझा नंबर त्यात घालून झाला आहे. भाचेबुवांना कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं, "मामा, मला काय विचारता, तिलाच विचारा." (विचारतोय.)

आणखी एक ता. क. मी असताना फोन का वाजत राहतो, हे तू विचारशीलच. ताई, मला फोनवरचं ऐकू येईनासं झालंय. दिवसभर दुसऱ्यांच्या कानात यंत्रं बसवतो आणि स्वतःच्या कानात घालायची लाज वाटते. घरात अजून सांगितलेलं नाही, आधी तुलाच सांगतोय. सोमवारी यंत्र घालणार आहे आणि दुकानाच्या नंबरावर पहिला फोन मीच लावणार आहे. उचलशील ना?