हल्लीची आणि वाहती

४ मार्च, रविवार

सह्या झाल्या.

आधी अरबी मजकुरावर, मग कुर्दी मजकुरावर. अबू सफा — समितीचे अध्यक्ष, बगदादच्या बाजूचे — यांनी पेनाला टोपण लावलं आणि खजुराच्या वड्या वाटायला सांगितल्या. आमचे डॉक्टर सरकौत, उत्तरेच्या शिष्टमंडळाचे प्रमुख, यांनी दोन घेतल्या. अकरा महिने हे दोघं एकमेकांकडे न बघता बोलत होते.

कुर्दी मजकूर माझा, भाषांतर मी केलेलं. अरबी मजकूर तपासतात उस्ताद हातिफ, बसऱ्याचे. आम्ही भिंतीलगतच्या खुर्च्यांवर. ताट आमच्यापर्यंत आलं तेव्हा चुरा उरला होता.

तेल आणि वायूचा कायदा. अजून संसदेत जायचाय. पण कलम नऊ पार पडलं, आणि सगळं अडलं होतं ते त्याच कलमावर.

आईला फोन लावला. लागला नाही.

५ मार्च

कलम नऊ लहान आहे. हल्लीची तेलक्षेत्रं बगदादच्या कंपनीकडे. बाकीची उत्तरेच्या, म्हणजे आमच्या कुर्दी, प्रादेशिक सरकारकडे. मिळकत सगळ्यांत वाटायची — त्यावर भांडण नाही, निदान तोंडावर नाही. भांडण आहे ते खोदायचं कुणी, आणि कुंपणाची किल्ली कुणाच्या खिशात.

आमचं गाव त्या कुंपणाच्या आत आहे. कानीरश. सात विहिरी. एकोणीस वर्षांपूर्वी बगदादच्या सैन्यानं घरं पाडली आणि त्याच आठवड्यात तेलाच्या विहिरी बूच घालून बंद केल्या. आम्हाला ट्रकमधून शोरिशच्या वसाहतीत आणून सोडलं. आई अजून तिथेच, माझ्या भावाजवळ. अंगणात तिनं एक झाड लावलेलं नाही. झाडं घरी लावतात, म्हणते.

प्रादेशिक सरकारच्या माणसानं तिला तोंडी शब्द दिलाय — क्षेत्र आमच्याकडे आलं की कुंपण निघेल, घर बांधा. बगदादच्या कंपनीचा नियम आहे: क्षेत्राच्या हद्दीत वस्ती नाही.

आई एकोणऐंशी वर्षांची आहे.

११ मार्च

फोन लागला. आईनं पहिलं हेच विचारलं — “झालं का तुझं कागदाचं?” झालं म्हटलं, पण संसद आहे अजून. थांब.

“थांबलेच आहे की. एकोणीस वर्षं गादी गुंडाळून ठेवलीय. तुमची संसद काय गादीवर बसते का?”

मग माझा भाऊ, रिबाज, फोनवर आला. शेळ्यांना खरूज झालीय, ताई. बाजारातल्या औषधानं उतार नाही. आई म्हणते, कानीरशचं काळं लावायला हवं. लहानपणी आम्ही झऱ्यावरून डब्यात भरून आणायचो — जमिनीतून आपोआप पाझरणारं, जाड, कोमट. शेळ्यांच्या पाठीला चोळायचं. घराच्या मातीच्या धाब्यालाही तेच फासायचं. गावाचं नावच त्यावरून, काळा झरा. आता कुंपणाआड कोण जाणार, म्हणाला.

२१ मार्च

नवरोज, आमचं नवं वर्ष. इथे बगदादला कुणी शेकोटी पेटवत नाही. आकाशात हेलिकॉप्टरं.

२ एप्रिल, सोमवार

हे कुठेतरी लिहायला हवं, म्हणून इथे.

अरबीत शब्द आहे ‘हल्लीची’. कुर्दीत मी लिहिलं ‘वाहती’. बूच घातलेली विहीर हल्लीची आहेच — जमिनीत आहे, नकाशावर आहे. वाहती नाही. अरबी वाचलं तर कानीरश बगदादचं. कुर्दी वाचलं तर उत्तरेचं, म्हणजे आईचं. कायद्याच्या शेवटच्या ओळीत म्हटलंय, दोन्ही मजकूर सारखेच प्रमाण.

घाईत झालं. त्या दिवशी वीज नव्हती. जनरेटर होता, त्यात डिझेल नव्हतं. तेलाचा कायदा मी खिडकीच्या उजेडात उतरवला.

घाईत झालं.

१५ एप्रिल

कायद्याला परिशिष्ट जोडायचंय — कुठलं क्षेत्र कुणाचं, त्याची यादी. दोन्ही बाजूंनी आपापली आणली. अबू सफांच्या यादीत बगदादची क्षेत्रं सात पानं. डॉक्टर सरकौतांच्या यादीत दोन. दोघंही म्हणाले, कलम नऊप्रमाणे केलीय.

वातानुकूलन यंत्रातून पाणी ठिबकत होतं. शिपायानं खाली घमेलं ठेवलं.

१६ एप्रिल

आज आवाज चढले. फसवणूक हा शब्द दोन्ही भाषांत वापरला गेला. मी दोन्ही वेळा त्याचं नीट भाषांतर केलं.

मग कुणीतरी म्हणालं, ही भाषिक बाब आहे. सगळ्यांना ते पटलं. एकदम हायसं वाटलं त्यांना. भाषिक बाब! दोघा भाषावाल्यांनी आठवड्यात अहवाल द्यावा. मोठी माणसं जेवायला गेली. देश आमच्या टेबलावर ठेवून.

१७ एप्रिल

उस्ताद हातिफ लवकर आले. सुक्या लिंबाचा चहा मागवला. बसऱ्याचं नेहमीचं सांगून झालं — नळाला खारं पाणी येतं, भातात मीठ घालावं लागत नाही, अर्ध्या देशाचं तेल आमच्या पायाखाली आणि आंघोळीनंतर अंगावर पांढरी रांगोळी. मी हसले. दर वेळी हसते.

मग म्हणाले, “चनारबाई, मला कुर्दी वाचता येतं.”

तरुणपणी सहा वर्षं आमच्या उत्तरेत, सुलेमानियाच्या शाळेत मास्तर होते. कधी बोलले नव्हते.

“पहिल्या दिवशीच वाचलं मी. सही व्हायच्या आधी.”

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

“या दोघांची सही एका कागदावर मी जन्मात पाहिली नव्हती. म्हटलं, बघू तरी कशी दिसते.” आणि मग, “माझं काम व्याकरण तपासायचं. व्याकरण बरोबर होतं.”

घाईत झालं का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. ते चहात साखर घालत नाहीत. तरी बराच वेळ ढवळत राहिले.

२२ एप्रिल

अहवाल होत नाही. कुर्दी बदलून ‘हल्लीची’ केलं, तर उत्तरेचे उठून जातील. अरबी बदलून ‘वाहती’ केलं, तर बगदादचे. दोन्ही आहेत तसे ठेवले, तर कायदाच नाही, दोन कायदे आहेत. उस्ताद म्हणाले, ‘हल्ली वाहती’ लिहू या. कुणालाच आवडणार नाही, म्हणजे न्याय्य असेल.

लिहून दिलं. कुणालाच आवडलं नाही.

१३ मे

अबू सफांनी एकटीला बोलावलं. मायेनं बोलले. मुली, म्हणाले, एक ओळ लिहून दे — भाषांतरात चूक राहिली. कुणी रागावणार नाही. दमलेल्या माणसाकडून होतं.

त्यांच्या टेबलावर नातवाचा फोटो. ते खोटं बोलत नव्हते. खरंच कुणी रागावलं नसतं.

विचार करून सांगते म्हटलं.

१४ मे

डॉक्टर सरकौतांनीही बोलावलं. त्यांना कालचं कळलेलं. त्यांनी खुर्ची दिली नाही.

“आई शोरिशला असते ना तुमची?”

हो.

“मग चूक झाली कशी म्हणाल?”

एवढंच. बाहेर पडले तर धुळीचं वादळ सुटलेलं. दुपारी बाराला दिवे लावून गाड्या.

१५ मे

घाईत झालेलं नाही.

वीज नव्हती हे खरं, डिझेल नव्हतं हे खरं. पण ‘हल्लीची’ला कुर्दीत सरळ शब्द आहे. शाळेतल्या मुलालाही येतो. तो मी लिहिला होता. मग खोडला. दोन दिवस दुसरा शोधला — असा, की वाचताना कुणाला खटकू नये, आणि सात बंद विहिरी बाहेर राहाव्यात. ‘वाहती’ सापडला तेव्हा मला आनंद झाला. आनंदच म्हणायला हवं.

एका देशाच्या कायद्यात मी माझ्या आईसाठी एक शब्द घुसवला.

३ जून, रविवार

पूर्ण बैठक. इतिवृत्त लिहिलं जात होतं. अबू सफांनी विचारलं — चूक, की हेतू?

उस्ताद हातिफ टेबलाकडे बघत होते.

मी म्हणाले, चूकही नाही, हेतूही नाही. आमच्याकडे असंच म्हणतात. जिवंत तेलक्षेत्राला वाहतं म्हणतात.

डॉक्टर सरकौतांनी मान डोलावली. त्यांना ठाऊक होतं की आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. उस्तादांनाही ठाऊक होतं. त्यांनी हात वर केला नाही.

बगदादचे लोक फायली उचलून निघाले. अबू सफा शेवटी. माझ्याजवळ थांबले. चष्मा पुसला आणि गेले.

२८ जून

संसदेची सुट्टी लागते. कायदा पुढच्या सत्रात. मागच्या सत्रातही पुढच्या सत्रात होता.

१ जुलै

उस्ताद हातिफ बसऱ्याला परत निघाले. म्हणाले, तिथे शाळेत व्याकरण शिकवीन, मुलं तरी सही करत नाहीत. निरोपाला सुक्या लिंबांची पिशवी दिली. जिन्यावर वळून म्हणाले, “शब्द चांगला होता, चनारबाई. मी असतो तर मीही तोच निवडला असता.”

म्हणजे घाईत झालं नव्हतं हे तेव्हाच ओळखलं होतं. चहा ढवळताना.

१२ जुलै

भलतंच घडलंय. कायदा नाही, पण दोन्ही बाजूंत पत्रं झाली. अबू सफांची माणसं थकली असावीत, किंवा त्यांचं लक्ष दक्षिणेत. उत्तरेतल्या बंद क्षेत्रांपुरतं, कायदा होईपर्यंत, कुर्दी मजकूर धरायचा. दोन्ही बाजूंचा एकेक अभियंता प्रत्येक ठिकाणी जाऊन बघेल. वाहत असेल ते बगदादचं. नसेल ते उत्तरेचं. अहवालावर दोघांची सही, आणि तो अखेरचा.

मसुदा डॉक्टर सरकौतांनी माझ्याकडूनच करून घेतला. ‘वाहती म्हणजे काय’ याची व्याख्याही. मी लिहिलं: ज्या क्षेत्रातून पाहणीच्या दिवशी तेल प्रत्यक्ष बाहेर येत असेल ते.

सात विहिरी. सातही बंद. एकोणीस वर्षं.

मी आनंद करत नाही. इथे आनंद करत बसलं की तो मोडतो. पण आईला सांगितलं.

९ ऑगस्ट

रिबाजचा फोन. आईनं बाजारातून डाळिंबाचं रोप आणलंय. जुन्या डब्यात लावलंय, वसाहतीच्या मातीत लावायचं नाही म्हणते. पाहणी बावीस तारखेला. अभियंत्यांना गावाची वाट दाखवायला कुणी तरी जुनं माणूस हवंय. आई जाते म्हणतेय. मी सोडू का, ताई?

सोड म्हटलं. तिला नवा रुमाल घेऊन दे.

२० ऑगस्ट

उष्मा. दिवसभर वीज नाही. काम नाही. टेबलावर दोन्ही मजकूर पडून आहेत. कडा वळल्यात.

२३ ऑगस्ट, गुरुवार

पाहणीचा कागद फॅक्सनं आला. कानीरश — सात विहिरी, सातही बंद. एक नैसर्गिक झरा, गावाच्या पश्चिमेला. तेल प्रत्यक्ष बाहेर येत आहे. शेरा: वाहतं, म्हणून बगदादकडे. खाली दोन सह्या. मार्चनंतर पहिल्यांदाच दोन्ही बाजूंच्या.

मग आईचा फोन. आवाज तरुण. साहेब लोक परत निघाले होते, म्हणाली, इथे सगळं बंद आहे म्हणत होते. ते ऐकून तिला राग आला. हाताला धरून झऱ्यापाशी नेलं दोघांना.

“अजून वाहतोय, चनार. एक दिवस थांबलेला नाही. शेळ्यांसाठी बाटली भरून आणलीय. बरं केलं ना, दाखवलं ते?”

“बरं केलंस,” मी म्हटलं.