तीन लाल रेघा आणि चौथा मजला

सांगली,
जूनअखेर, रविवार

ती. दाजी यांस,

मदनचा सप्रेम जय जिनेंद्र. अक्कालाही सांगावा. तुमचा गुडघा, अक्काचं पथ्य आणि तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट या तिघांच्या प्रकृतीला आता उतार पडला असेल अशी आशा करतो. (मागच्या खेपेला तिन्ही एकाच दिवशी बिघडली होती.) आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे दमलेले आहोत, पण बरे आहोत. फोन सोडून पत्र का, असं विचाराल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला मध्येच कुणी बोललेलं सोसत नाही, त्यापेक्षा हे बरं. शिवाय घर विकायला काढल्यापासून फोन वाजला की उचलायला नको वाटतं. पलीकडे एकतर गिऱ्हाईक असतं नाहीतर आमचा जिनेश असतो, आणि दोघांचा प्रश्न एकच, की काय ठरलं?

तर काय ठरलं ते सांगतो, पण मुळापासून सांगतो. छत्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. नदीचं वळण, गाळाची जमीन, पूरक्षेत्र हे सगळं फळ्यावर रंगीत खडूनं काढून दाखवलं आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच पूरक्षेत्रात चहा प्यालो. प्लॉट घेतला तेव्हा तुम्ही पाटबंधारे खात्यात होता. मदनराव, नदी जरा जवळ वाटतेय, असं तुम्ही म्हणाला होता. मी म्हणालो होतो की हवा चांगली येते. हवा चांगलीच येते, त्याबद्दल आजही तक्रार नाही. पण पाऊस तुमच्या साताऱ्याकडच्या डोंगरात पडतो आणि पाहुणा म्हणून आमच्या घरात येतो, त्याला काय करणार? दोन हजार पाच साली आला तो दिवाणखान्यात गुडघाभर बसून परत गेला. एकोणीस साली मात्र दिवाणखान्यात माझ्या डोक्याच्या वर हातभर चढला. एकवीस साली लाइटच्या बटणांपर्यंत. प्रत्येक वेळी पाणी ओसरलं की मी भिंतीवर रेघ मारायची आणि पुढं साल लिहायचं, ही आमच्या घरातली रीत. गल्लीत बऱ्याच घरांत ती आहे. कुणी पोरांची उंची मोजतं, आम्ही नदीची मोजतो.

एकोणीस साली जिनेश शिरवळहून कारखान्यातून तसाच निघाला आणि रस्ता बंद म्हणून वाटेत तीन दिवस अडकून पडला. आमचे फोन बंद होते. आम्ही गच्चीवर सुखरूप आहोत हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. त्या तीन दिवसांबद्दल तो अजून एक शब्द बोलत नाही, आणि तेच मला जास्त लागतं. एकवीस साली पाणी पुन्हा आल्यावर त्यानं आमच्याकडून शब्दच घेतला, की आता हे घर विकायचं आणि साताऱ्याला यायचं. तो आणि सूनबाई श्रद्धा तिथंच आहेत, तुम्ही आहात, आणि तुमच्याच डोक्यावर चौथ्या मजल्यावर फ्लॅट रिकामा आहे. पोराचं चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यावरून तुमचा गैरसमज होईल.

घर विकण्यासाठी शिवतेज नावाचा एजंट धरला. माझाच विद्यार्थी, भूगोलात कायम काठावर पास. त्यानं पहिल्याच दिवशी मला धडा दिला. गिऱ्हाईक उन्हाळ्यातच आणायचं, नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत असतात तेव्हा. मागचं दार उघडायचं नाही. आणि भिंतीवरच्या रेघांवर काहीतरी टांगायचं. खालच्या दोन रेघांपुढं कपाट सरकवलं. वरची राहिली, तर तिच्यावर त्यानं कॅलेंडर लावलं. आता ती रेघ माझ्या डोक्याच्या हातभर वर, म्हणजे कॅलेंडर कुठं गेलं ते बघा. महिनाभर आमच्या घरात तिथी बघायला स्टूल लागत होतं. (अष्टमीचा उपास त्यामुळं नवमीला घडला, ते पाप शिवतेजच्या माथी.) येणारा प्रत्येक माणूस दारातून आत येऊन आधी छताजवळच्या कॅलेंडरकडं बघायचा, मग माझ्याकडं बघायचा आणि मग सांगलीत घर घेणारा प्रत्येकजण विचारतो तेच विचारायचा, की पाणी कुठवर आलं हुतं?

या प्रश्नाला शिवतेजकडं उत्तर तयार होतं. पाणी गल्लीत आलं होतं. गल्लीत आलं होतं हे खोटं नाही, गल्लीतूनच ते घरात आलं. मी पंखा लावायला उठायचो. पण स्वयंपाकघरातून चहा घेऊन प्रभावती बाहेर यायची आणि तिला वाटायचं की विचारलंय तर सांगावं. मग बोट कशी आली, लोणच्याच्या दोन बरण्या वाचल्या पण तिसरी का सोडावी लागली, हे सगळं व्हायचं. त्यात तिचा हेतू वाईट नसायचा, उलट घराचं कौतुकच असायचं. एका जोडप्याला तिनं आवर्जून सांगितलं, "बोटीत बसाय आमचा जिना लय सोपा पडतोय बघा, पायबी भिजत न्हाईत." त्या जोडप्यानं चहासुद्धा पुरा प्यायला नाही. शिवतेजनं बाहेर जाऊन स्वतःच्याच मोटारसायकलला लाथ मारली.

असे नऊ जण येऊन गेले. दाजी, घर दाखवणं हे मुलगी दाखवण्यापेक्षा वाईट. मुलीच्या वेळी निदान लोक पोहे खाऊन बरं बोलतात. इथं लोक आपल्या न्हाणीघरात उभे राहून नाक मुरडतात, जिन्याची रुंदी टाचेनं मोजतात, आणि ज्या कोनाड्यात जिनेशनं पहिलं अक्षर गिरवलं तो कोनाडा पाडून तिथं फ्रीज बसेल का असं आपल्यालाच विचारतात. बसेल, असं मी म्हणायचो. मग दिवसभर त्या कोनाड्याकडं बघवायचं नाही.

शेवटी शिवतेज म्हणाला, घर रंगवून घ्या, रेघा आपोआप जातील. आप्पासोला बोलावलं. हाच गडी तिन्ही पुरांनंतर आमचं घर रंगवतोय, त्याला ओल कुठं धरते ते आमच्यापेक्षा पाठ. रेघांचं मी त्याला मुद्दाम काही सांगितलं नाही. काय सांगणार? की आप्पासो, मी छत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आता एवढं माझं खोटं तू रंगव? भिंत रंगवताना भिंतीवरचं सगळं जातंच, असं मी धरून चाललो आणि बाजारात हळद-गूळ आणायला निघून गेलो. परत आलो तर भिंत दुधासारखी पांढरी आणि तिच्यावर तीन लालभडक रेघा. सरळ, सुबक, ऑइलपेंटच्या. प्रत्येकीपुढं बाण, सालाचा आकडा आणि नकाशावर लिहावं तशा वळणदार अक्षरात "महापूर". आप्पासो ब्रश पुसत म्हणाला, "गुरुजी, रेघा पार इटल्या हुत्या, म्हनून नव्यानं काढल्या. आता धा वर्सं हालायच्या न्हाईत." सांगलीचा रंगारी. देवाची तसबीर उतरवायची आणि रंग झाला की परत लावायची, तसंच त्याला हेही वाटलं असणार.

शिवतेज दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो इंद्रजितला घेऊन, आणि तेही आधीच शब्द दिला होता म्हणून नाइलाजानं. हा इंद्रजित शिराळ्याकडचा, दोन मालवाहू टेम्पो आहेत, बायको सोनिया इथं शाळेत नोकरीला लागली म्हणून घर बघतोय. आत आला, रेघांसमोर उभा राहिला, आणि मी जमिनीकडं बघत राहिलो. कॅलेंडरसुद्धा नव्हतं. मग तो म्हणाला, "गुरुजी, मी अकरा घरं बघितली. समदी म्हंत्यात आमच्यात पानी आलंच न्हाई. मग सांगलीत आलं तरी कुठं? तुमी एकट्यानं लिवून ठिवलंय. म्हंजी बाकीचं जे सांगशीला तेबी खरंच असंल की." खालचा मजला तो टेम्पोंना ठेवणार, राहणार वर. पाणी चढायला लागलं की टेम्पो काढून माळावर नेऊन लावायचे, झालं. सोनियाला प्रभावतीनं जिना दाखवला, बोटीसकट. ती हसली आणि दोनदा चढून उतरून आली. अर्ध्या तासात व्यवहार ठरला, विसार झाला. शिवतेजला अजून कळलेलं नाही की काय झालं.

म्हणजे आता आनंदीआनंद व्हायला पाहिजे होता. खरेदीखत पुढच्या सोमवारी आहे. फ्लॅटवाल्याला हो की नाही ते बुधवारपर्यंत कळवायचं आहे. फ्लॅट आम्ही बघून आलो, चांगला आहे. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, खोल्यांत उजेड आहे. पाणी मात्र सकाळी वीस मिनिटं येतं. जन्मभर पाणी येईल म्हणून भ्यालो, आता पाणी येईल म्हणून बादल्या मांडून बसायचं, हा चांगलाच न्याय झाला. पण तेवढ्यासाठी कुणी घर नाकारत नाही, मीही नाही.

अडलंय ते सामानाशी. चाळीस वर्षांचा संसार खोक्यांत भरायचा म्हणजे काय, ते भरल्याशिवाय कळत नाही. त्यात आम्ही सांगलीकर. आवराआवर म्हटली की आमचे हात आपोआप सामान वर नेतात. धान्य वर, गाद्या वर, कागदपत्रं तर माळ्याच्याही वर. खोकं भरलं की गच्चीलगतच्या खोलीत नेऊन ठेवायचं, असं आठवडाभर चाललं होतं. काल टेम्पोचा माणूस सामान बघायला आला. खालचा मजला मोकळा बघून म्हणाला, एवढंच व्हय? वर गेला आणि कपाळाला हात लावून खाली आला. अठ्ठेचाळीस खोकी आम्ही दोघांनी या वयात जिन्यावरून वर चढवली होती, ती आता त्याला उतरवायची आहेत. बाहेर चकचकीत ऊन पडलं होतं आणि नदी तळाला होती. मला हसूही आलं आणि जिन्यावर बसून थोडं रडूही आलं, तुमच्यापाशी लपवून काय करू?

असो. लांबलं. तुम्ही दोघं तब्येतीला जपा, अक्काला माझ्या वाटचा एक पेढा देऊ नका. (पथ्य आहे.) लिफ्ट सुरू झाली की कळवा.

तुमचा,
मदन

ता. क. फ्लॅटवाला तुमच्या ओळखीचा आहे. बुधवारऐवजी दिवाळीपर्यंत थांबतो का, एवढं त्याला विचाराल का? इंद्रजितचं मी बघतो, तो समजूतदार आहे.

ता. क. दुसरा. खरं कारण तुम्हाला म्हणून सांगतो. प्रभावतीचा पाय इथून निघत नाही. बोलत नाही, पण मला कळतं. संध्याकाळी मागच्या दारात उभी राहून नदीकडं बघत राहते. बायकांचं मन असतं. एक पावसाळा आणखी इथं काढला तर तिचं समाधान होईल. जिनेशला तुम्हीच सांगा, आई तयार नाही म्हणून. माझं नाव घेऊ नका.

ता. क. तिसरा. दाजी, मी प्रभावती. पाकिटाला डिंक लावायला पत्र माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. वन्संना नमस्कार. माझी सगळी खोकी भरून पंधरा दिवस झाले, मी चौथ्या मजल्यावर यायला एका पायावर तयार आहे. एकोणीस साली जिनेशचा आवाज तीन दिवस ऐकला नाही, तेवढं मला पुरे झालं. मागच्या दारात रोज संध्याकाळी कोण उभं राहतं ते शेजाऱ्यांना विचारा, मी चहा घेऊन बोलवायला जाते. आणि आप्पासोला सही करण्यापुरतंसुद्धा लिहायला येत नाही. त्यानं नुसतं स्टूल धरलं होतं. रेघा, आकडे, अक्षरं सगळी यांची, हळद-गूळ मी आणला. तेव्हा बुधवारी फ्लॅटवाल्याला हो म्हणून टाका, आणि तुम्ही दोघं सोमवारी इकडं या. व्यवहाराला नव्हे, यांना हाताला धरून न्यायला. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. लाल रंगाचा उरलेला डबा आणि ब्रश माझ्या लुगड्यांच्या खोक्यात खाली लपवलेला सापडला, तो मी काढला नाही. चौथ्या मजल्यावर एक भिंत त्यांना मोकळी ठेवा.